एक मोबाइल, ३० पोरं आणि कागदाचा नंदी

सराव पाठाच्या टाचणात ‘शैक्षणिक साधने’ या रकान्यात हल्ली आम्ही सगळेच छात्राध्यापक ‘प्रोजेक्टर, मोबाइल, व्हिडिओ’ असं लिहितो. प्रत्यक्ष पाठात होतं काय, तर कवितेचा तयार व्हिडिओ भिंतीवर लागतो, पोरं हाताची घडी घालून बघतात आणि शेवटी ‘आवडला का?’ला एका सुरात ‘होऽऽ’ येतो. बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडमागचं साहित्य उपयोगाचं आहेच. पण ते बघायचं साहित्य आहे. गणितज्ञ आणि शिक्षणविचारक सेमूर पेपर्ट यांनी १९६७ साली सहकाऱ्यांसोबत मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा तयार केली, तेव्हापासून त्यांचा आग्रह होता की यंत्रानं पोराला चालवू नये, पोरानं यंत्राला चालवावं. मला वर्गात तंत्रज्ञान हवंय ते एवढ्यासाठीच. त्याला ३० टॅब लागत नाहीत, एक मोबाइल पुरतो.

नागपुरात यासाठी तान्हा पोळ्यासारखा विषय नाही. पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, पोरं लाकडी नंदी सजवून ओढत नेतात, झडत्या, म्हणजे पोळ्याची यमक जुळवलेली गाणी, म्हणतात, घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैशांची भेट, घेतात. त्यांना माहीत नसलेलं यात काहीच नाही, म्हणून सांगण्यासारखं प्रत्येकाकडे असतं. चौथीच्या वर्गानं यावर स्टॉप मोशनचा छोटा चित्रपट करायचा. कागदी नंदी जरासा सरकवायचा, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायचा, पुन्हा फोटो. ते फोटो भराभर दाखवले की नंदी चालतो.

मातीचा नंदी करायचा मोह होतो, कारण चितारओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत, त्या सुमारास शाडू माती सहज मिळते. पहिल्या खेपेला तो आवरावा. पंख्याखाली माती तासाभरात सुकायला लागते आणि शिंगं, कान हलवताना तुटतात. शेतातली काळी माती तर सुकताना इतकी आक्रसते की नंदीच्या पाठीला भेग पडते. पत्रिकेच्या जाड कागदाचा चपटा नंदी जमिनीवर आडवा ठेवावा आणि वरून फोटो घ्यावा. पडायची भीती नाही, उभा करायची कटकट नाही.

मांडणी अशी. दोन बाजूंना सारख्या उंचीच्या वह्यांच्या चळती, त्यांवर आडवी लाकडी पट्टी किंवा अरुंद फळी, फळीवर मोबाइल, आणि कॅमेऱ्याचा डोळा फळीच्या कडेबाहेर. बहुतेक मोबाइलमध्ये साधारण ४० सेंटिमीटर उंचीवरून अख्खा ए-थ्री कागद मावतो. पार्श्वभूमीचा कागद चारही कोपऱ्यांना जमिनीला चिकटवायचा आणि मोबाइल दोन पट्ट्या चिकटपट्टीनं फळीला घट्ट बसवायचा. तरी बटण दाबताना दर वेळी मोबाइल केसभर हलतोच, आणि मग चित्रपटात नंदीऐवजी जमीनच हलते. साधा वायरचा इअरफोन लावला तर पुष्कळ मोबाइलमध्ये त्याच्या आवाज वाढवायच्या बटणानं फोटो निघतो. मोबाइलला हात लावायचा प्रश्नच उरत नाही.

वर्गात ३० पोरं असतील तर पाच-पाच जणांचे सहा गट करावेत. प्रत्येक गटाचा चित्रपट १२ सेकंदांचा, सेकंदाला ६ फोटो, म्हणजे ७२ फोटो. सरावलेल्या गटाला एका फोटोला २० सेकंद लागतात, म्हणजे २४ मिनिटं. ४० मिनिटांच्या तासिकेत मांडणी आणि आवराआवर धरून हे बसतं. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात म्हणून तेवढी काढायला गेलात तर २८८ फोटो होतात. मग तासिकाही संपते आणि पोरांचा उत्साहही. एक गट फोटो काढत असताना बाकीचे पाच कामात हवेत. कुणी ए-फोर कागद तीनदा दुमडून झालेल्या आठ चौकोनांत गोष्ट काढतंय, कुणी नंदी कापतंय, कुणी झडती लिहितंय. हे आधी ठरवलं नसेल तर पंचवीस डोकी एका मोबाइलवर वाकतात आणि त्यांची सावली कागदावर पडते.

आता नंदी सरकवण्याबद्दल, कारण खरी गंमत इथे आहे. कागद ४२ सेंटिमीटर रुंद, नंदी १२ सेंटिमीटर लांब. म्हणजे सरकायला उरले ३०. दर फोटोला एक सेंटिमीटर सरकवला तर ३० सरकण्या, पाच सेकंदांत नंदी पार. दोन सेंटिमीटरनं सरकवला तर अडीच सेकंदांत. अर्ध्यानं सरकवला तर दहा सेकंद लागतील. म्हातारा नंदी हवा की उधळलेला, हे गटानं आधी ठरवायचं आणि मग भागाकार करायचा. नंदी एकदम सुटतो आणि एकदम थांबतो हे पोरांना पहिल्यांदा पाहतानाच खटकतं. तेव्हा सांगावं की सुरुवातीच्या आणि शेवटच्या तीन-चार सरकण्या अर्ध्या सेंटिमीटरच्या ठेवा.

तान्हा पोळ्याचा नंदी चाकांवर असतो, त्यामुळे पाय हलवायची कटकट नाही, चाक फिरवलं की झालं. चाक तीन सेंटिमीटर व्यासाचं कापा, मधोमध सुईनं भोक पाडून दोऱ्याच्या गाठीनं नंदीला जोडा आणि त्यावर आरे काढा. इथे एक हमखास फजिती होते. चार सारखे आरे काढले आणि नंदी दोन-दोन सेंटिमीटरनं सरकवत त्याच मापानं चाक फिरवलं, तर पडद्यावर नंदी पुढे जातो आणि चाक उलटं फिरतं! कारण तीन सेंटिमीटर व्यासाच्या चाकाचा परीघ साडेनऊ सेंटिमीटरच्या आतबाहेर. दोन सेंटिमीटर सरकताना ते साधारण ७६ अंश फिरतं. आरे मात्र ९० अंशांवर आहेत. डोळ्याला वाटतं, प्रत्येक आरा पुढच्या आऱ्याच्या जागी जाता जाता १४ अंश मागे राहिला. एक आरा लाल रंगवा, चाक सुलट फिरायला लागतं. पण हा उपाय गुरुजींनी आधी सांगून टाकू नये. उलटं चाक बघू द्यावं, ‘काहून (का) असं झालं?’ हा प्रश्न वर्गातूनच येऊ द्यावा. त्याच्या उत्तरासाठी पोरं चाक हातात घेऊन जो अर्धा तास घालवतील, तो मला सगळ्या चित्रपटापेक्षा मोलाचा वाटतो.

बिघडण्याच्या आणखी जागा सांगते. पोळ्याच्या दिवसांत आभाळ क्षणात भरतं, क्षणात उघडतं, आणि मोबाइलचा कॅमेरा दर फोटोला उजेड आपोआप सावरत बसतो. त्यानं चित्रपट लुकलुकतो. खिडकी बंद करून ट्यूबलाइट लावावी आणि पडद्यावर बोट दाबून धरून फोकस व उजेड पक्का करावा. बऱ्याच मोबाइलमध्ये ही सोय असते. ट्यूबच्या उजेडात पट्टे दिसले आणि शटरचा वेग हातानं बदलता येत असेल, तर एक शतांश किंवा एक पन्नासांश सेकंद ठेवावा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यानं ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते, त्या हिशेबात हे वेग बसतात. पांढरा शर्ट घातलेलं पोर वाकलं तरी कागद उजळतो, म्हणून फोटोच्या वेळी सगळे एक पाऊल मागे. आणि पंखा! त्या उकाड्यात तो बंद ठेवता येत नाही आणि चालू ठेवला की नंदी उडतो. चिकटपट्टीची बारीक गुंडाळी, चिकट बाजू बाहेर करून, नंदीच्या पोटाखाली लावावी.

मोबाइल विमान मोडवर टाकायलाच हवा, नाहीतर चाळिसाव्या फोटोला फोन येतो. जागाही आधी पाहून ठेवावी. सहा गटांचे ४३२ फोटो साध्या कॅमेऱ्यानं काढले तर दीडेक जीबी सहज लागते. ‘स्टॉप मोशन स्टुडिओ’सारख्या ॲपमध्ये आधीचा फोटो फिका दिसत राहतो, त्यामुळे नंदी किती सरकला ते कळतं. पण तेच दाखवत बसलं की पोरं पट्टी बाजूला ठेवतात. पहिले दोन दिवस पट्टीच वापरावी असं माझं मत आहे.

आवाज शेवटी. रिकाम्या भिंतींच्या खोलीत तो घुमतो, म्हणून मोबाइलभोवती दप्तरांचं रिंगण करावं आणि तोंडापासून एक वीत अंतर ठेवावं. पंखा तेवढी दोन मिनिटं बंद. चाकांच्या खडखडाटाला दोन करवंट्या पुरतात, घुंगरांना किल्ल्यांचा जुडगा. झडती पोरांनी स्वतः रचलेली असावी. ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’ हा शेवट सगळ्यांना येतो, त्याआधीच्या ओळी त्यांच्या. त्यात ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ येणार, अधेमधे हिंदीही येणार. ते प्रमाण मराठीत आणायला जाऊ नये. पोरगं घरच्या बोलीत यमक जुळवतं तेव्हा ते थांबून विचार करत नाही. दुरुस्ती करायला बसलो की झडती तीन ओळींवर आटपते.

माझ्यासारख्या शिकाऊ बाईला सगळ्यात जड जाणार आहे ते हात आवरणं. फोटोत बोट आलं, शिंग तिरकं लागलं, चार फोटो हलले, तर ते काढून टाकायचे की ठेवायचे हे गटानं ठरवायचं. आपण रात्री घरी बसून चित्रपट गुळगुळीत करून आणला तर तो आपला झाला. वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदीतही ‘चित्रपट छान केला’ असं लिहून उपयोग नाही. ‘चाक उलटं फिरल्याचं स्वतः ओळखलं, आऱ्यांची संख्या बदलून पाहिली’, ‘नंदी थांबताना सरकण्याचं माप कमी करायचं सुचवलं’, अशी नोंद हवी. त्यासाठी त्या २४ मिनिटांत मोबाइल पोरांकडे आणि आपल्या हातात वही-पेन असावं. आणि गटानं काढून टाकायचे ठरवलेले फोटोही पुसायचे नाहीत, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचे. पालकसभेत तयार चित्रपटाआधी मी तेच दाखवणार आहे.