डबल अक्षर कुठे, सिंगल कुठे?

आज दिवसभर नोकरीचे इंग्रजी अर्ज तपासले. चुका ठरलेल्याच! अकॉमोडेशनमधला एक एम गायब (हवेत दोन सी, दोन एम). एम्बॅरसला दोन आर, दोन एस. हॅरासला मात्र आर एकच, एस दोन.

मराठी कानाला 'हला' आणि 'हल्ला' वेगळे ऐकू येतात. इंग्रजीत ते डबल अक्षर बहुधा उच्चारातच नसतं, त्यामुळे कानावर विसंबून उपयोग नाही. शब्दाला भूतकाळाच्या ईडीसारखा प्रत्यय लावताना जोर कुठे पडतो ते बघायचं. रेफरचा जोर शेवटच्या भागावर, म्हणून ईडी लावताना आर दुप्पट. ऑफरचा जोर सुरुवातीला, म्हणून तिथे दुप्पट नाही. ट्रॅव्हल हा नियम ब्रिटिश पद्धतीत मोडतो: तिथे एल दोनदा, अमेरिकन पद्धतीत मात्र नियमाप्रमाणे एकदाच. एका अर्जात दोन्ही नकोत.

दुसरा घोळ जोर नसलेल्या स्वराचा. तो पुसट 'अ'सारखा ऐकू येतो. ए, ई की आय, कळत नाही. अशा वेळी त्याच कुळातला, तो स्वर ठसठशीत उच्चारला जाणारा शब्द शोधायचा. ग्रॅमरच्या शेवटी ए-आर की ई-आर? ग्रॅमॅटिकल म्हणून बघा, ए सापडतो. डेफिनिटसाठी डेफिनिशन. सेपरेटला असा भाऊबंद नाही. पीनंतर ए, हे घोकावंच लागतं.

स्पेलचेकवर सोडू नका. लूस (सैल) आणि लूझ (गमावणे) दोन्ही त्याला बरोबरच वाटतात. आणि डेफिनिटली चुकलं तर कधी कधी डिफायंटली सुचवतो. म्हणजे 'नक्की रुजू होईन'च्या जागी 'उद्दामपणे रुजू होईन'!