सोयाबीनखालचे कवडसे

आमच्या वाळवा तालुक्यात सोयाबीनचा विषय निघाला की एकरी किती पोती, एवढंच विचारतात. यंदा मी मात्र पिकात वाकून जमिनीवरचं ऊन बघत बसले होते. बांधावरून आमचे सासरे, आप्पा, म्हणाले, "काय हरवलं का गं?"

उसाच्या कडेला पस्तीस गुंठ्यांत तीन पट्टे टोकले होते, एकाच दिवशी. पहिला जेएस ३३५ चा, जबलपूरचं जुनं वाण. दुसरा फुले संगमचा, म्हणजे केडीएस ७२६, आपल्याच सांगलीकडच्या कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राचं. तिसरं जेएस ९३०५, माहेरहून पिशवीतून आणलेलं.

ऑगस्टात चार दिवस उघडीप पडली तेव्हा फरक डोळ्यांत भरला. संगमची पानं रुंद, ओळी केव्हाच मिळालेल्या, खाली कवडसासुद्धा नाही. बुडाची पानं पिवळी पडून गळत होती. ९३०५ ची पानं निमुळती, भाल्यासारखी. त्यांच्या फटींतून ऊन खाली उतरत होतं आणि बुडाची पानं अजून हिरवीगार. शेंड्याच्या पानाला भर दुपारी लागतं त्यापेक्षा जास्तच ऊन मिळतं. उरलेलं खाली गेलं तर तिथली पानंही कमावतात, म्हणजे उन्हावर अन्न बनवतात.

त्याच दुपारी तिन्ही पट्ट्यांतली पानं उभी राहिली, पांढुरकी पाठ दिसायला लागली. आप्पा म्हणाले, "सुकलंय, पाणी सोडूया." मी माती मुठीत दाबून दाखवली, चांगली ओल होती. सोयाबीनच्या पानाला देठाशी फुगीर बिजागरी असते, तिच्यावर पान वळतं आणि उन्हाला कड दाखवतं. शेजारचा ऊस मात्र ताठ. झाडं हवेतला कार्बन पकडतात त्याच्या रीती वेगवेगळ्या. ऊस सी-४ रीतीचा, उन्हात खुलणारा. सोयाबीन सी-३, तापलं की कमावलेल्या कार्बनातला थोडा परत घालवतं. आप्पांना एवढंच पटलं, की पाणी वाचलं.

मग ९३०५ च पुढे जायला हवं होतं ना? नाही गेलं. नव्वद-पंचाण्णव दिवसांत ते पिकलं, तांबेऱ्यातून, म्हणजे पानावरच्या बुरशीच्या रोगातून, बरंचसं सुटलं, पण दाणा बारीक. ३३५ ला कृष्णाकाठच्या दमट हवेत तांबेऱ्यानं ऐन दाणे भरताना गाठलं. पान करपलं की चूल विझली. वरच्या शेंगा चपट्याच राहिल्या. (हा पट्टा चोपणाकडचा, पाणी न मुरणाऱ्या जमिनीचा, त्यामुळे सगळा दोष वाणाच्या माथी मारत नाही.) संगमवर तांबेरा कमी आला आणि ते पुढं पंधरा दिवस हिरवं राहिलं. बुडाची पानं आधीच घालवून बसलेलं असूनही दाणा त्याचाच टपोरा. पान किती जोरात कमावतं यापेक्षा दाणे भरेपर्यंत ते टिकतं का, हे आमच्या रानात जास्त भारी पडलं.

बियाणं संगमचंच ठेवलंय. ९३०५ च्या चार दाणी शेंगा मात्र आप्पांच्या कोपरीच्या खिशात आहेत. रोज पारावर कुणाला ना कुणाला दाखवतात.