गोठ्यातून थेट बुकर

आज सुट्टी होती, कपड्यांचा ढीग तसाच ठेवून डच लेखक लुकास रायनेव्हेल्डची 'द डिस्कम्फर्ट ऑफ इव्हनिंग' ही कादंबरी संपवली एकदाची आणि मग जेवणच जाईना. दहा वर्षांची मुलगी, बर्फात गेलेला भाऊ, ती अंगातला कोट काढतच नाही... लेखक तीन वर्षांचा असताना त्याचाही भाऊ गेलेला, नेदरलँड्सच्या ब्राबांट भागातलं कट्टर धार्मिक शेतकरी घर, हे नंतर वाचलं आणि पुन्हा पहिल्या पानावर गेले. पहिलीच कादंबरी हो! इंग्रजीत अनुवादित पुस्तकाला मिळणारं २०२० चं इंटरनॅशनल बुकर, वय २९, आणि पठ्ठ्या तेव्हाही डेअरी फार्मवर काम करत होता. बक्षिसाचे ५० हजार पौंड अनुवादिका मिशेल हचिसनसोबत निम्मे निम्मे, हे तर मला फारच आवडलं. शेणाचा वास पानापानाला येतो, खरंच. कपडे अजून तसेच पडलेत 😅