शिलाई मशीनवरून आरीवर: चामड्याचं काम शिकताना

मी मूळची कापडातली. सोलापुरात शाळेच्या गणवेशांचा धंदा मोठा आहे. त्यातल्याच एका युनिटमध्ये मी कटिंग केलंय, शिलाईही केलीय. त्यामुळे चामड्याचं काम शिकायला घेतलं तेव्हा हात अगदीच कोरा नव्हता. पेपर कटिंग येत होतं, मापाची सवय होती. पण कापडाचं शहाणपण इथं निम्मंच चालतं. कापडात टाका वाकडा गेला तर उसवायचा, पाणी मारून इस्त्री फिरवायची, खूण जाते. चामड्यात भोक पडलं की ते कायमचं. म्हणून या कामात खरा वेळ भोक पाडायच्या आधी जातो, आणि तो तसा जाऊ द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात हत्यारांपासून करू नका, चामड्यापासून करा. बाजारात पर्स-बॅगांसाठी मिळणारं मऊ, रंगीत चामडं बहुतेक क्रोमचं असतं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं. ते एखाद्या दिवसात तयार होतं, लवचीक असतं, पाण्यालाही बरं टिकतं. पण त्याची कड घासून गुळगुळीत होत नाही आणि त्यावर ठसा नीट उमटत नाही. शिकायला हवं ते सालीचं चामडं. बाभळीची साल, हिरडा अशा तुरट वस्तूंच्या पाण्यात ते कित्येक दिवस, कधी कधी आठवडे मुरतं. कोल्हापुरी चप्पल त्याच चामड्याची. ओळखायचं कसं? कापलेली कड बघायची. आत निळसर राखाडी झाक दिसली तर बहुधा क्रोम. सालीच्या चामड्याची कड आतपर्यंत तपकिरी किंवा फिकट बदामी असते, आणि रंग-पॉलिश न लावलेल्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो लगेच शोषला जाऊन तिथं गडद डाग पडतो.

हे मला एका चप्पल कारागिराने दाखवलं. त्यांना मी मामा म्हणते. त्यांच्याकडून कातरण वजनावर घेत होते. एकदा मी पट्ट्यासाठी एक छान दिसणारी पट्टी उचलली, तर त्यांनी ती हातातून घेतली आणि वरची बाजू आत करून दुमडली.

‘ह्ये बघा की ओ ताई. सुरकुत्या पडल्या का न्हाई?’

पडल्या होत्या, बारीक आणि सैल.

‘पोटाकडचं हाय ह्ये. ताणतंय. पट्ट्याला पाठीचंच घ्यायचं.’

मग त्यांनी पाठीचा तुकडा तसाच दुमडून दाखवला. त्यावर सुरकुती जवळपास नव्हतीच. तेव्हापासून मी कुठलाही तुकडा दुमडून बघितल्याशिवाय घेत नाही. कापडात जसा उभा-आडवा धागा बघतो, तसंच हे. जाडीही मिलिमीटरमध्ये विचारायची: पाकिटाला १ ते १.२, पट्ट्याला ३ ते ४. नव्या माणसाने २ मिलिमीटरच्या आसपासचा तुकडा घेऊन चष्म्याचं घर करावं. पाकिटात थरावर थर येतात, कडा छिलून पातळ कराव्या लागतात, आणि रापी, म्हणजे चामडं छिलायचं हत्यार, हातात बसायला वेळ लागतो.

आता शिलाई. कापडात आपण दुमड धरतो, इथं कड उघडीच राहते. कडेपासून ३-४ मिलिमीटर आत कंपासने हलकी रेघ ओढायची, पेनाने नाही. त्या रेघेवर दातांची टोचणी ठेवून हातोडीने ठोकायचं. माझ्या टोचणीच्या दोन दातांत ४ मिलिमीटर अंतर आहे. पुढच्या वेळी ठोकताना पहिला दात आधीच्या शेवटच्या भोकात बसवायचा, म्हणजे अंतर तुटत नाही. वळणावर दोनच दातांची टोचणी लागते. खाली लाकडी फळी हवी, फरशीवर ठोकलं तर दात बोथट होतात. टोचणी एकदम सरळ उभी धरायला हवी. किंचित कलली तरी मागची भोकं रेघ सोडून जातात, आणि मागची बाजू बघणारा माणूस लगेच सांगतो की काम शिकाऊ आहे.

टाका दोन सुयांचा. दोरा एकच, दोन्ही टोकांना एकेक सुई, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. सुया बोथट टोकाच्या घ्यायच्या, कारण भोक आधीच पाडलेलं असतं. शिवणीच्या लांबीच्या साधारण चौपट दोरा तोडायचा आणि त्याला मेण लावायचं. मशीनच्या टाक्यात वरचा दोरा खालच्यात अडकलेला असतो, एक तुटला की शिवण सुटत जाते. इथं एक बाजू झिजून तुटली तरी दुसरी धरून ठेवते. इतकी वर्षं मशीन चालवून मला हे ठाऊक नव्हतं, आणि ते समजलं तेव्हा या टाक्याबद्दल मनात जो आदर आला तो आजही तसाच आहे. एकच नियम पाळायचा: प्रत्येक भोकात त्याच बाजूची सुई आधी घालायची आणि दोन्ही हातांचा ताण सारखा ठेवायचा. शेवटी दोन-तीन टाके मागे फिरून दोरा कापायचा. पॉलिस्टरचा दोरा असेल तर टोक उदबत्तीने वितळवून दाबलं की झालं.

कडेसाठी महागड्या बाटल्या मिळतात. मी सोलापूरच्या बाजारातून, मधल्या मारुतीजवळून, गोंद कतिरा आणते, उन्हाळ्यात सरबतात घालतात तोच. रात्री चिमूटभर भिजवला की सकाळी फुगून गोळा होतो, तो पाण्यात सैल करायचा. कड आधी ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायची, मग कतिऱ्याचं बोट फिरवून जाड मांजरपाटाने जोरात चोळायची. थर मिटतात आणि कडेला चकाकी येते. हे बघायला मला अजूनही आवडतं.

आपल्याकडच्या उन्हाचं मात्र सांभाळा. मे महिन्यात पारा ४२च्या पुढे जातो. ओलं चामडं त्या उन्हात ठेवलं तर कडक होऊन तडकतं, ते सावलीतच वाळवायचं. कोरड्या, बिनरंगी सालीच्या चामड्याला मात्र ऊन दाखवलं तर फिकट रंग हळूहळू बदामी होतो. मी मुद्दाम गच्चीवर फिरवून फिरवून ठेवते.

घरातल्या काहींनी विचारलं, हे काम कशाला? तो प्रश्न कुठून येतो ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ज्या चर्मकार आणि ढोर समाजांनी ही विद्या सांभाळली, त्यांना गावाने बाहेर ठेवलं. आपल्या सिद्धरामेश्वरांच्या काळातले, बसवण्णांच्या शरणांमधले, म्हणजे शिवभक्त अनुयायांमधले, कक्कय्या ढोर होते आणि हरळय्या चपला करणारे समगार. त्यांच्या नावाने माथा टेकायचा आणि त्यांच्या हातच्या कामाला नाक मुरडायचं, हे मला जमत नाही. २०१९मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यातल्या महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांत सोलापूर आहे. शिकवणाऱ्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या, ‘जरा दाखवा ना’ म्हणून फुकटात बसू नका. मी मामांना दर बैठकीचे देते. आधी ते घेत नव्हते, मी चामड्याच्या हिशोबातच धरते.

सध्या पट्टा चाललाय. बक्कलपाशी चामडं दुमडतं तिथं ते निम्म्या जाडीपर्यंत छिलायचं असतं, आणि तिथं माझी रापी अजून जड पडते. रोज कातरणीच्या तुकड्यांवर तेवढंच करते. धार मात्र रोज लावावी लागते.