लिंक अप आहे, पण स्कॅन पोचत नाही : माझा अनुभव

सहा आठवड्यांत इंटरनेट कंपनीकडे अकरा तिकिटं, म्हणजे तक्रारी, टाकली. त्यातली बहुतेक एकाच वाक्यावर बंद झाली : "लिंक अप आहे (लाइन चालू आहे), आमच्या बाजूने इश्यू नाही." ते वाक्य आठवलं की आजही डोकं तापतं. म्हणून हे सगळं एकदा लिहून ठेवते आहे. कुणी दुसरं याच जागी अडकलं असेल तर त्याचे सहा आठवडे तरी वाचतील.

मी एका हॉस्पिटलचं नेटवर्क बघते. मुख्य हॉस्पिटल कोल्हापूरला, एक शाखा गडहिंग्लजला. शाखेत सीटी स्कॅनचं मशीन आहे, पण रात्री रेडिओलॉजिस्ट नसतात. रात्रीचे स्कॅन पुण्याच्या सर्व्हरवर जातात आणि तिथले डॉक्टर ते बघून रिपोर्ट देतात. अपघातात डोक्याला मार लागलेला पेशंट असेल, तर त्याला इथेच ठेवायचं की कोल्हापूरला हलवायचं, हे त्या रिपोर्टवर ठरतं. एक स्कॅन साधारण ४०० एमबीचा. ५० एमबीपीएसच्या लाइनवरून तो सव्वा मिनिटात गेला पाहिजे.

लाइनी दोन, दोन वेगळ्या कंपन्यांच्या : एक ५० ची, एक २० ची. दोन्हींवरून पुण्यापर्यंत वायरगार्ड या सॉफ्टवेअरचे टनेल, म्हणजे इंटरनेटमधून जाणाऱ्या बंदिस्त खासगी वाटा, टाकले आणि पहिली लाइन पडली की राउटरने दुसरीवर जायचं, असं बसवलं. आठवड्यात काम झालं. केबल काढून बघितली, वीस-तीस सेकंदांत ट्रॅफिक दुसऱ्या लाइनवर गेलं. मी खूश होते.

एका रात्री पावणेनऊला टेक्निशियनचा फोन आला. "मॅडम, डोक्याचा सीटी आहे, आठ मिनिटं झाली, साठ टक्क्यांवरच आहे." मी लॅपटॉप उघडला. दोन्ही टनेल हिरवे. पुण्याला पिंग केलं, म्हणजे उत्तर येतं का ते बघणारे छोटे संदेश पाठवले, चारही उत्तरं आली, १३ मिलिसेकंद. फाइल पाठवून बघितली तर स्पीड जेमतेम ६ एमबीपीएस. हाताने ट्रॅफिक दुसऱ्या लाइनवर टाकलं आणि स्कॅन गेला. तेव्हा पहिलं तिकीट टाकलं.

तिथून पुढे जे झालं ते नीट सांगते, कारण चावी तिथेच आहे.

कंपनीच्या नॉकमधल्या, म्हणजे नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या कक्षातल्या, मुलाने त्यांच्याकडून आमच्या राउटरला शंभर पिंग मारले, शंभरही परत आले. तिकीट बंद. दोन दिवसांनी तेच. यावेळी मी एमटीआरचा (वाटेतल्या प्रत्येक राउटरची तपासणी दाखवणाऱ्या टूलचा) स्क्रीनशॉट जोडला, त्यात मधल्या एका राउटरवर ३० टक्के लॉस, म्हणजे हरवलेली पॅकेट (डेटाचे तुकडे), दिसत होता. त्यांनी सांगितलं की मधले राउटर स्वतःला आलेल्या पिंगला मुद्दाम कमी उत्तरं देतात, शेवटच्या टप्प्यावर लॉस नसेल तर मधला धरायचा नाही. हे त्यांचं बरोबर होतं. तुम्हीही असा स्क्रीनशॉट पाठवू नका, तिकीट तिथेच मरतं.

तिसऱ्या तिकिटाला उत्तर आलं : राउटर रीस्टार्ट करा. केला. आणि सगळं सुरळीत! तिकिटावर शेरा पडला : "ग्राहकाच्या उपकरणातील दोष." चार दिवसांनी संध्याकाळी वीज गेली, यूपीएस संपला, राउटर पुन्हा सुरू झाला आणि तोच त्रास परत. पुन्हा रीस्टार्ट, पुन्हा ठीक. असं दोनदा झाल्यावर आमच्या प्रशासनालाही वाटायला लागलं की राउटरच खराब आहे. ३८ हजारांचा नवा राउटर आणला. पाचव्या दिवशी तोही तसाच वागला. त्या दिवशी मला खरोखर रडू यायचं बाकी होतं.

कंपनीचा शेरा आणि आमची समजूत, दोन्ही चुकीच्या होत्या. पण रीस्टार्टने फरक पडत होता हे खरं होतं, आणि तो का पडतो हा प्रश्न कुणीच विचारत नव्हतं. एका रविवारी मी राउटरचे सगळे जुने लॉग (त्याने ठेवलेल्या नोंदी) घेऊन बसले. प्रत्येक रीस्टार्टला काय काय बदलतं याची यादी केली. पत्ता तोच, लाइन तीच, टनेलची गुप्त किल्ली तीच. बदलत होता फक्त टनेलचा पोर्ट नंबर, म्हणजे एकाच पत्त्यावरचे संवाद वेगळे ओळखायचा क्रमांक. वायरगार्डला तुम्ही पोर्ट नेमून दिला नाही तर सुरू होताना तो स्वतःच एक उचलतो.

मग हाताने एकेक पोर्ट लावून बघितला. प्रत्येक पोर्टवर पाच मिनिटं, १४०० बाइट्सचं पिंग, सेकंदाला पाच. वीस पोर्ट झाले. चौदांवर लॉस शून्य. सहांवर ४ टक्क्यांच्या आसपास. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, तेच सहा वाईट निघाले. राउटरशी याचा काही संबंध उरला नाही.

कारण असं आहे. कंपनीच्या नेटवर्कमध्ये दोन शहरांच्या मधे एकच जाड लिंक असेल असं नाही. चार लिंक एकत्र बांधून एक म्हणून चालवतात, त्याला बंडल म्हणतात. कुठलं पॅकेट त्यातल्या कुठल्या लिंकवरून जाणार, हे दोन्ही टोकांचे पत्ते आणि पोर्ट यांच्या गणितावर ठरतं, म्हणजे एका संवादातली पॅकेट पुढेमागे होत नाहीत. आमचा अख्खा टनेल बाहेरून बघणाऱ्याला एकच संवाद दिसतो, म्हणून तो सगळाच्या सगळा चारपैकी एका लिंकवर बसतो. त्या चारांतली एक आजारी होती. पोर्ट बदलला की गणित बदलायचं आणि बहुतेक वेळा आम्ही निरोगी लिंकवर जाऊन पडायचो. नॉकचं पिंग त्यांच्या पत्त्यावरून निघायचं, ते कायम चांगल्या लिंकवर. शिवाय ते पिंग लहान. बिट खराब होत असतील तर मोठं पॅकेट मरण्याची शक्यता त्याच्या लांबीच्या पटीत जास्त. विंडोजचं साधं पिंग ३२ बाइट्सचं असतं, त्याने स्कॅनच्या पॅकेटची तब्येत कळत नाही.

आणि आमची स्वयंचलित व्यवस्था का हलली नाही? मी तिला सांगितलं होतं की सलग तीन पिंग हुकले तर लाइन बदल. ४ टक्के लॉसमध्ये सलग तीन हुकण्याची शक्यता पंधरा हजारांत एक! बीजीपी (राउटरांनी एकमेकांना वाटा सांगायची पद्धत) वापरणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. त्याची सेशन टीसीपीवर चालते, हरवलेला संदेश पुन्हा पाठवला जातो, आणि बऱ्याच राउटरवर १८० सेकंद पूर्ण शांतता झाल्याशिवाय शेजारी मेला असं ते मानत नाही. बीएफडी हे वाट तुटली का ते झटपट तपासणारं तंत्र ते काम सेकंदाच्या आत करतं, पण तेही सहसा शेजारच्या राउटरपर्यंतच बघतं. आमचा रोग शेजाऱ्याच्या पलीकडे होता.

अकराव्या तिकिटात मी तक्रार लिहिलीच नाही. वीस पोर्टांचा तक्ता लावला : पोर्ट, वेळ, लॉस. खाली एक ओळ : "तुमच्या बंडलमधली एक मेंबर लिंक तपासा, कोअर टीमकडे पाठवा." रात्री साडेअकराला फोन आला. पलीकडच्या इंजिनिअरने लिंक अप असल्याचं एकदाही सांगितलं नाही. म्हणाले, "मॅडम, वाईट पोर्ट लावून ठेवा आणि हलवू नका." मी पिंग चालू ठेवलं, ते एकेक लिंक बंडलमधून काढत गेले. पहिली काढली, फरक नाही. दुसरी, नाही. तिसरी काढली आणि माझ्या स्क्रीनवर उत्तरांची ओळ तुटायची थांबली. "इथे सीआरसी एरर वाढतायत," ते म्हणाले, म्हणजे पॅकेट वाटेत खराब होऊन पोचत होती. दुसऱ्या दिवशी कनेक्टर साफ केला आणि विषय मिटला. त्या माणसाचे मी मनापासून आभार मानले. सहा आठवड्यांचं काम वीस मिनिटांत झालं, कारण त्याने माझा आकडा खरा मानला.

पण पुन्हा कुणाच्या फोनची वाट बघायची नाही हे मी त्याच रात्री ठरवलं. लाइन आजारी पडली तर राउटरला स्वतःला कळलं पाहिजे.

पहिला प्रयत्न फसला. दहा सेकंदांत १ टक्क्याहून जास्त लॉस दिसला की दुसऱ्या लाइनवर जा, साफ दिसलं की परत ये, असा नियम केला. दहा सेकंदांत पिंगच पन्नास, म्हणजे एक हुकलं तरी उडी. सगळं ट्रॅफिक २० च्या लाइनवर गेलं की ती तुंबायची, तिथे लॉस दिसायचा, मग परत. एका रात्रीत सत्तरच्या वर उड्या. नंतर वाचताना कळलं की हे दुखणं इंटरनेटइतकंच जुनं आहे. इंटरनेटच्या आधीच्या आर्पानेट या अमेरिकन नेटवर्कवर १९७९ मध्ये प्रत्येक लिंकचा विलंब मोजून वाट ठरवणारी पद्धत आणली होती. गर्दी वाढली की सगळे राउटर एकदम भरलेली लिंक सोडून रिकामीवर जायचे, ती भरली की परत. १९८७ मध्ये त्यावर इलाज केला : लिंकची किंमत एका वेळी किती बदलू द्यायची आणि जास्तीत जास्त किती वाढू द्यायची, याला मर्यादा घातली. ते वाचून मला धीर आला आणि दिशाही मिळाली.

आता नियम असे आहेत. मोजणी एक मिनिटाच्या खिडकीत, १४०० बाइट्सच्या पॅकेटने, थेट पुण्याच्या टोकापर्यंत. लॉस २ टक्क्यांच्या वर गेला की आधी लाइन सोडायची नाही, त्याच लाइनवर टनेलचा पोर्ट बदलायचा. बंडलमधला दोष असेल तर एवढ्यानेच सुटतो, आणि हे जगातलं सगळ्यात स्वस्त रीराउटिंग आहे. तरी लॉस राहिला तर दुसरी लाइन. परत यायचं ते सलग दहा मिनिटं अर्ध्या टक्क्याखाली राहिल्यावरच. जायला घाई, यायला उशीर. दोन्ही लाइनी वाईट असतील तर कमी वाईट असेल तिथे थांबायचं. २० च्या लाइनवर असताना बॅकअप आणि सीसीटीव्ही बंद, फक्त स्कॅन आणि पेशंटच्या नोंदी. टनेलच्या आतले पत्ते तेच राहतात, म्हणून अर्धवट गेलेला स्कॅन तुटत नाही, पुढे चालू राहतो.

आधी सांगायला हवं होतं ते आता आठवलं : दोन कंपन्या म्हणजे दोन वाटा नव्हेत. दोघांची फायबर एकाच खड्ड्यातून येत असेल तर एक जेसीबी दोन्ही तोडतो. लाइन घेण्यापूर्वी रस्त्याचा नकाशा मागा. जमलं तर एक फायबर आणि एक रेडिओ घ्या.

करार नव्याने करताना एसएलए, म्हणजे कंपनीने दिलेली सेवेची लेखी हमी, वाचा. आमच्यात ९९.५ टक्के उपलब्धता लिहिली होती. त्या हिशोबाने महिन्याला साडेतीन तास बंद चालतं, आणि लॉसचा उल्लेखच नाही. म्हणून आजारी लाइनचे सहा आठवडे कागदावर शंभर टक्के सेवा ठरले. यावेळी मी पॅकेट लॉसची अट घालून घेतली : सलग १५ मिनिटं १ टक्क्याच्या वर लॉस म्हणजे लाइन बंद धरायची. विक्रीवाल्याने दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा मानलं. आणि दोन्ही टोकांची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवायच्या पद्धतीने) जुळवून ठेवा, नाहीतर लॉग एकमेकांशी लागत नाहीत.

शेवटचं म्हणजे चाचणी. केबल काढून बघणं पुरत नाही, मी त्यावरच फसले. लिनक्सच्या टीसी या ट्रॅफिक आवरायच्या कमांडमध्ये नेटएम नावाची सोय आहे, त्याने हवा तेवढा लॉस मुद्दाम घालता येतो. महिन्यातून एका रविवारी सकाळी मी पहिल्या लाइनवर ५ टक्के लॉस घालते आणि गडहिंग्लजचा टेक्निशियन जुना एक स्कॅन पुण्याला पाठवतो. गेल्या वेळी आधी पोर्ट बदलला, मग १ मिनिट ४० सेकंदांत लाइन बदलली. स्कॅन एकाच दमात गेला.