आमची वाटचाल : दुसऱ्या रात्रीचा मुक्काम

सावंतवाडीत पावसाळी पर्यटन म्हणजे आंबोली. समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंची, वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस आणि घाटरस्त्याला लागूनच धबधबा. आमचा धंदा त्याच्याच जिवावर उभा राहिला. २००९ मध्ये कर्ज काढून एक सात सीटर गाडी घेतली. सावंतवाडी रोड स्टेशनवर पाहुणे घ्यायचे, आंबोली करून आणायची, संध्याकाळी परत सोडायचे. पुढे घराच्या माडीवर तीन खोल्या काढल्या आणि जेवणाची बाजू बायकोने उचलली. एवढीच आमची कंपनी. बोर्डवर नावापुढे 'टूर्स' लिहिलंय म्हणून तिला कंपनी म्हणायचं.

खोल्या काढल्यावर धंद्यातली खरी अडचण कळली. धबधबा हा फार तर तासाभराचा कार्यक्रम. मुलं भिजतात, कुडकुडतात, मक्याचं कणीस खातात आणि 'आता पुढे काय?' म्हणतात. महादेवगडावर न्यावं तर धुक्यात हातभर पुढचं दिसत नाही. खोलीवर परतावं तर लाईट गेलेली, मोबाईलला रेंज नाही. मग बाप खिडकीत उभा राहून आभाळ बघतो, आई ओले कपडे पिळते, पोरं पलंगावर उड्या मारतात. दोन रात्रींचं बुकिंग केलेली माणसं एका रात्रीत हिशोब करून गोव्याला निघून जात. घरगुती निवासात पैसा मिळतो तो दुसऱ्या रात्री, कारण पहिल्या रात्रीचा निम्मा धुण्यात आणि गॅसमध्ये जातो.

उपाय म्हणून सगळे तेव्हा सुचवत होते मोठा टीव्ही आणि व्हिडिओ गेम. माझा कल मुळातच तिकडे नव्हता, आणि आमच्याकडचा जुलै बघता विजेवर चालणाऱ्या वस्तूवर धंदा उभारणं म्हणजे नळाच्या भरवशावर विहीर बुजवणं. मार्ग निघाला तो आईमुळे. पुण्याच्या एका कुटुंबातली पोरं जिन्यावरून वरखाली धावत होती, तेव्हा ती मला म्हणाली, "पोरांक कित्याक वरडतंस? माजघर मोकळा कर आणि आवशी-बापाशीसकट हेंका खाली बसव."

आम्ही माजघरातलं कपाट, भाताची कणगी आणि जुनं शिलाई मशीन हलवलं, शेणाने सारवायची जमीन होती तिथे कोबा केला, वर चटया टाकल्या. पहिली वस्तू आली कॅरम. पावसाळ्यात कॅरम सांभाळणं हे वेगळंच काम आहे हे तेव्हा कळलं. दमट हवेत पावडरच्या गुठळ्या होतात, सोंगट्या चिकटतात, प्लाय फुगून कोपऱ्यातल्या खिशांजवळ उंचवटा येतो. आता बोर्ड भिंतीला टेकवून न ठेवता दोन फळ्यांवर आडवा ठेवतो, खेळ सुरू करण्याआधी सुक्या फडक्याने पुसून वर पिवळा बल्ब लावून तापवतो आणि पावडर बरणीत तांदळाच्या पुरचुंडीसोबत ठेवतो. पाहुण्यांना यातलं काही दिसत नाही. स्ट्रायकर सुळकन गेला की त्यांचं काम झालं.

पण माणसं अडकली ती गंजिफ्यात, म्हणजे गोल पानांच्या जुन्या पत्त्यांच्या खेळात. सावंतवाडीचा गंजिफा नाव म्हणून सगळ्यांना माहीत असतो, दिवाणखान्यात फ्रेम केलेली गोल पानंही अनेकांनी पाहिलेली असतात. तो खेळायचा असतो हे मात्र विसरलेलं. ही कला जवळपास संपत आली होती. सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी वयोवृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यात पुन्हा उभी केली, म्हणून आज आमच्यासारख्यांच्या हातात पानं आहेत. २०२४ मध्ये गंजिफाला आणि इथल्या लाकडी खेळण्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. हाताने रंगवलेला संच महाग, तो आम्ही काचेत ठेवलाय. पोरांच्या हातात छापील पानं.

दशावतारी गंजिफ्यात १२० पानं. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं: राजा, प्रधान आणि एक ते दहा. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्मावर कासवं, परशुरामावर परशू. खेळणारे तिघे, प्रत्येकी चाळीस पानं. आता चाळीस गोल पानं एका हातात धरून बघा! म्हणून पहिली दहा मिनिटं नुसता हशा असतो. पत्त्यांसारखं पिसताही येत नाहीत, चादरीवर पालथी पसरून दोन्ही हातांनी कालवायची. लहान पोरांना हाच भाग सर्वांत आवडतो, त्यांना तेवढंच काम देतो. मेंढीकोट खेळलेले बाप लगेच विचारतात, "हुकूम कुठला?" हुकूम नसतोच. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो पहिली उतारी करतो, रात्री कृष्णाचा. शिवाय पाच अवतारांत राजा-प्रधानानंतर दश्शी मोठी आणि उरलेल्या पाचांत एक्का मोठा. हा उलटापालट नियम दहा वर्षांची मुलगी दुसऱ्या डावात पचवते, आणि तिचे वडील चौथ्या डावातही एक्का टाकून हात गमावतात. मुलीच्या तोंडावर जे येतं त्यासाठी लोक मुक्काम वाढवतात, असं माझं मत आहे. सगळ्यांना पूर्ण डाव झेपत नाही. त्यांना पाच अवतारांची साठच पानं देतो.

रंगकामाने आम्हाला जास्त छळलं. चितार आळीतल्या एका कारागिराकडून कोरा माल घेतो: आंबे, केळी, भोवरे, भातुकलीतलं जातं. मुलांनी रंगवायचं आणि घरी न्यायचं. कल्पना छान, पण जुलैत रंग वाळतच नाही. सकाळी रंगवलेला आंबा संध्याकाळीही बोटाला लागायचा, आणि निघायच्या वेळी रडारड. शेवटी जुन्या ट्रंकेत तारेची जाळी बसवून खाली दोन बल्ब लावले. लाईट गेली की तीच जाळी चुलीवरच्या फळीवर. एकदा एका भोवऱ्याला धुराचा तांबूस रंग चढला, तर तो पोरगा म्हणे मला असाच हवा होता.

घरात बसून कंटाळलेच, तर छपराखालची दुसरी ठिकाणं आहेत. राजवाड्यात कारागीर पानं रंगवताना दिसतात. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला) आणि कळसूत्री बाहुल्या. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. खेळ बघायचा तर आधी फोन करून जावं, तो तिकीट खिडकीवरचा सिनेमा नव्हे. दशावतारी नाटक मात्र पावसात मागू नका. मंडळी तेव्हा शेतात असतात, जत्रांचा हंगाम कार्तिकानंतरचा.

पैशांचं सांगतो, कारण असं काही करू बघणारे तेच विचारतात. माजघर राहणाऱ्यांना फुकट. कोऱ्या खेळण्याचे आणि रंगांचे पैसे घेतो, आणि बाहेरून दिवसापुरते येणाऱ्यांकडून माणशी जेवणासकट दर. माजघराच्या डागडुजीसाठी कर्ज मागायला गेलो तेव्हा एका बँकेत साहेबांनी विचारलं, "यात मशिनरी काय?" मी कॅरमबोर्ड म्हणालो. कर्ज मिळालं नाही. बायकोच्या बचतगटातून काम झालं.

२०२३ मध्ये गोव्यातला मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि नवीनच गिऱ्हाईक आलं: बाहेर धो धो पाऊस, हातात बॅगा, संध्याकाळचं विमान. त्यांना समुद्रकिनाऱ्याचा उपयोग नसतो. दुपारचं जेवण, भाजलेल्या आठळ्या, एक डाव, रंगवलेला आंबा आणि वेळेवर गाडी, एवढं त्यांना पुरतं. गेल्या पावसाळ्यात यांचीच गर्दी जास्त झाली आणि चटया कमी पडल्या.

एक अट आम्ही बुकिंगच्या वेळीच सांगतो. मुलांना माजघरात सोडून मोठ्यांनी खोलीत झोपायचं नाही. घरातलं एक तरी मोठं माणूस खाली बसलं पाहिजे. दोन-तीन जणांनी यावरून बुकिंग रद्द केलं, आजी-आजोबांना घेऊन येणारे वाढले. त्यांना मांडी घालून बसता येत नाही, म्हणून यंदा गौरी-गणपतीच्या आत चार बुटके पाट आणि एक पाठ टेकायचा बाक करायला सुताराला सांगितलाय. सुतार म्हणतो लाकूड अजून ओलं आहे.