लाईट जाणाऱ्या घरात लिनक्स शिकताना

परभणीकडच्या आमच्या भागात लाईट कधी जाईल याचा नेम नाही, आणि घरचं इंटरनेट म्हणजे मोबाईलचा रोजचा दीड जीबी. म्हणून लिनक्स (विंडोजसारखी, पण मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) शिकताना मी प्रत्येक कामाला आधी एकच प्रश्न विचारतो: हे मधेच तुटलं तर तिथूनच पुढे चालेल, की पहिल्यापासून करावं लागेल?

लॅपटॉप ४ जीबी रॅमचा, बॅटरी बसलेली. डेबियन १२ या लिनक्सची नेटइन्स्टॉल फाईल (बाकीचं नंतर नेटवरून आणणारा छोटा इन्स्टॉलर) घेतली; साधारण साडेसहाशे एमबी, एका दिवसाच्या डेटात बसते. विंडोज १० मध्ये कर्ल हे कमांडनं डाउनलोड करणारं टूल आधीपासून असतं. त्याला कॅपिटल सी आणि पुढे एक सुटा हायफन दिला की तुटलेलं डाउनलोड तिथूनच सुरू होतं. नंतर विंडोजच्याच सर्टयुटिल कमांडनं शा-२५६ बेरीज (फाईल जशीच्या तशी आली का हे सांगणारा आकडा) काढून डेबियनच्या यादीशी जुळवायची. हे टाळू नका. फाईल खराब असली तर इन्स्टॉलर अर्ध्यात अडकतो आणि दोष पेनड्राइव्हला जातो. रूफस या प्रोग्रामनं ती पेनड्राइव्हवर लिहिताना डीडी पद्धत (फाईल जशीच्या तशी उतरवणारी) निवडावी. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं.

इन्स्टॉल करताना लाईट गेली तर मात्र पुन्हा सुरुवात. म्हणून हा टप्पा छोटा ठेवावा. मूळ सिस्टिम पेनड्राइव्हवरच असते, त्यामुळे सॉफ्टवेअर निवडीच्या पानावर डेस्कटॉपची खूण काढून टाकली की हे काम लवकर उरकतं. वायफाय चाललं नाही तर फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करावं.

डेस्कटॉप नंतर, दोन तुकड्यांत. आधी एपीटीला (डेबियनमध्ये सॉफ्टवेअर आणून बसवणारं टूल) 'डाउनलोड ओन्ली' सांगून एक्सएफसीई हा डेस्कटॉप नुसता उतरवून घ्यायचा. पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) डिस्कवरच्या कॅशमध्ये साठतात. आज निम्मी, उद्या निम्मी आली तरी चालतं. सगळी आली की लाईट टिकते त्या वेळी बसवायची. तरी बसवताना गेलीच, तर मशीन चालू करून आधी 'डीपीकेजी'ला (पॅकेजेस प्रत्यक्ष बसवणारं टूल) 'कॉन्फिगर' आणि 'ए' हे पर्याय द्यायचे, मग एपीटीला 'फिक्स ब्रोकन'. लॉक फाईल (एका वेळी एकाच प्रोसेसला काम करू देणारी) पुसून टाका असा सल्ला सर्रास मिळतो, तो चुकीचा आहे: लॉक चालू प्रोसेसनं धरलेलं असतं, रीस्टार्टनंतर ते आपोआप सुटलेलं असतं.

जुन्या मशीनमध्ये आणखी एक गोष्ट चकवते. बोर्डावरचा ३ व्होल्टचा सीआर २०३२ सेल संपलेला असेल, तर लाईट गेली की घड्याळ मागे जातं. मग एपीटी म्हणतं रिलीज फाईल अजून वैध नाही, आणि गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल) सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर अडतं. माणूस नेटवर्क तपासत बसतो. आधी तारीख बघावी, आणि सेल बदलावा.

एक्सटी४ या डिस्कवरच्या फाईल सिस्टिमचं जर्नल (बदलांची नोंदवही) तिचा सांगाडा वाचवतं. सेव्ह न केलेल्या ओळी नाही. विम या एडिटरमध्ये २०० अक्षरं टाइप झाली की, किंवा ४ सेकंद हात थांबला की, स्वॅप फाईल (चालू मजकुराची तात्पुरती नोंद) लिहिली जाते. त्यामुळे 'आर' पर्यायानं उघडलं की बहुतेक मजकूर परत मिळतो. मिळालेला सेव्ह करून जुनी स्वॅप फाईल पुसावी, नाहीतर दर वेळी तीच सूचना येते.

सगळ्यात जास्त डेटा खाल्ला तो गिट क्लोननं, म्हणजे अख्खा प्रोजेक्ट उतरवून घेण्यानं. क्लोन तुटला की पुढे चालू होत नाही, शून्यापासून येतो. मोठ्या प्रोजेक्टचा सगळा इतिहास एकदम ओढू नये. डेप्थ १ देऊन फक्त आजची स्थिती घ्यावी, मग फेचला (सर्व्हरवरून बदल आणणारी कमांड) 'डीपन' देऊन शंभर-शंभर कमिट (नोंदवलेले बदल) मागं जावं. प्रत्येक हप्ता पूर्ण झाला की तो आपला. कमिट होतानाच लाईट गेली तर काही ऑब्जेक्ट फाईल रिकाम्या राहू शकतात. 'गिट एफएससीके' त्या दाखवतं. पुश केलेलं (सर्व्हरवर पाठवलेलं) काम फेच करून परत आणता येतं, न केलेलं नाही. म्हणून मी कमिट लहान करतो आणि लगेच पुश करतो, स्वतःच्या ब्रँचवर (प्रोजेक्टच्या वेगळ्या फाट्यावर).

मुक्त सॉफ्टवेअरला पहिलं योगदान म्हणून मराठी भाषांतर घेतलं, कारण पीओ फाईल (मूळ वाक्य आणि त्याचं भाषांतर अशा जोड्यांची) लहान असते आणि प्रत्येक ओळ सुटी. तिथं दोन चुका नेहमीच्या. मूळ वाक्यातलं टक्का-डी हे चिन्ह (त्या जागी प्रोग्राम आकडा भरतो) गळतं. 'एमएसजीएफएमटी' या पीओ फाईल तपासणाऱ्या टूलला लहान 'सी' पर्याय दिला की ते पकडलं जातं. दुसरी हे टूल पकडत नाही: 'दुसऱ्या' शब्दातला ऱ. नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून य लिहायचा; साधा र घेतला तर 'दुसर्या' उमटतं. त्यासाठी पाठवण्याआधी संपूर्ण फाईलमध्ये 'र्य' शोधून एकेक शब्द डोळ्यांनी वाचावा. 'कार्य', 'पर्याय' बरोबर असतात, म्हणून सरसकट बदलू नये.